नाण्यांच्या सेटसाठी घरच्या घरी डिस्प्ले होल्डर कसा बनवायचा?

जुनं कपाट आवरताना आजोबांनी जपून ठेवलेली नाण्यांची पुरचुंडी बऱ्याच घरांत निघते. मग आपल्याला वाटतं, ही नाणी छान मांडून ठेवूया. मलाही तसंच वाटलं होतं. आमच्याकडे १९५७ चे काही 'एक नया पैसा' होते. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत सुरू झाली तेव्हाची ही छोटी ब्राँझची नाणी. मी ती मऊ पारदर्शक प्लॅस्टिकच्या कप्प्यांत घातली आणि कपाटात ठेवून दिली. दोन पावसाळ्यांनंतर बघतो तर नाण्यांवर हिरवा, चिकट थर! साठ वर्षं डब्यात पडून राहिलेली नाणी मी 'जपायला' घेतली आणि दोन वर्षांत खराब केली.

म्हणून आजच्या लेखात होल्डर कसा कापायचा हे तर बघूच, पण त्याआधी तो कशाचा बनवायचा हे बघू. कारण माप चुकलं तर होल्डर परत बनवता येतो, मटेरियल चुकलं तर नाणं परत मिळत नाही.

नाणं खराब का होतं?

तो मऊ कप्पा पीव्हीसीचा होता. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ करायला त्यात तेलकट रसायनं मिसळतात. काही काळाने ती बाहेर झिरपतात. शिवाय पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं, आणि प्लॅस्टिक जुनं होताना त्यातून आम्ल तयार होऊ शकतं. हे आम्ल तांब्याशी भिडलं की हिरवा थर येतो.

आता तुम्ही म्हणाल, आजची नाणी तर स्टीलची आहेत. एक आणि दोन रुपयांची हल्लीची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत हे खरं. पण २० रुपयांच्या नाण्याची बाहेरची कडा निकेल-सिल्व्हरची आणि आतला भाग निकेल-ब्रासचा असतो. नाव काहीही असो, दोन्हींत सगळ्यात जास्त धातू तांबंच.

काय वापरायचं आणि काय टाळायचं?

टाळा:
- पीव्हीसीचे मऊ कप्पे. नव्या शॉवर कर्टनसारखा वास आला तर ते पीव्हीसी असण्याची शक्यता मोठी.
- सनबोर्ड. शाळेच्या प्रोजेक्टसाठी आपण आणतो तो बराचसा पीव्हीसी फोमचाच असतो.
- एमडीएफ आणि प्लायवूड नाण्याला थेट टेकवणं. लाकूड आणि त्यातला गोंद, दोन्हींतून आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते.
- रबर बँड आणि लोकरीचं फेल्ट. यांतल्या गंधकामुळे चांदी काळी पडते.
- फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद. याची वाफ नाण्यावर पांढुरकी बसते.

वापरा:
- ॲक्रिलिक शीट.
- पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. याच्या पातळ पारदर्शक शीट मिळतात.
- पॉलिप्रोपिलीन.
- आम्लरहित कागद किंवा कार्ड.

घरच्या घरी मटेरियल तपासा

म्युझियमवाले शोकेसमध्ये नवं कापड किंवा बोर्ड वापरण्याआधी 'ऑडी टेस्ट' करतात. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत आणली. बंद भांड्यात मटेरियलचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या ठेवतात. ६० अंश तापमानात २८ दिवसांनी पट्ट्यांवर डाग आलेत का ते बघतात.

याचं सोपं रूप आपण घरी करू शकतो:
१. काचेच्या दोन सारख्या बाटल्या धुऊन पूर्ण वाळवा.
२. विजेच्या वायरमधली तांब्याची तार काढून तिचे दोन तुकडे करा. बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. त्यानंतर बोट लावू नका.
३. दोन्ही बाटल्यांत एका छोट्या झाकणात पाणी ठेवा आणि तार सुती दोऱ्याने वर लटकवा.
४. फक्त एका बाटलीत मटेरियलचा तुकडा टाका.
५. तोंडावर ॲल्युमिनियम फॉईल लावून झाकणं घट्ट बंद करा. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी उबदार जागी ठेवा.
६. रोज एकाच जागेवरून, एकाच उजेडात मोबाईलने फोटो काढा.

महिन्याभराने फोटो शेजारी ठेवून बघा. मटेरियलवाल्या बाटलीतली तार जास्त काळपट किंवा हिरवी झाली असेल तर ते मटेरियल नापास. एक लक्षात ठेवा, घरी ६० अंश तापमान राहत नाही. त्यामुळे नापास म्हणजे नक्की नापास, पण पास म्हणजे 'आयुष्यभर सुरक्षित' असं नाही.

माप घ्या

सुरुवात आजोबांच्या नाण्यांवर करू नका. खिशातल्या नाण्यांवर हात बसवा. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या मालिकेचा पाच नाण्यांचा सेट यासाठी मस्त आहे. त्यांचे अधिकृत व्यास असे:

- १ रुपया: २० मिमी
- २ रुपये: २३ मिमी
- ५ रुपये: २५ मिमी
- १० रुपये: २७ मिमी
- २० रुपये: २७ मिमी, पण बारा कोनांचं

तरी स्वतः मोजा. साधा डिजिटल कॅलिपर पुरतो. व्यास आणि जाडी, दोन्ही तीन-तीन वेळा मोजा. कॅलिपरचा जबडा नाण्यावर घासू नका. वीसच्या नाण्याचं माप समोरासमोरच्या कोनांवर आणि समोरासमोरच्या बाजूंवर वेगवेगळं घ्या. दोन्हींत जवळपास १ मिमी फरक पडतो.

मोबाईलच्या मेझर ॲपवर इथे भरवसा नको. खोलीची लांबी मोजायला ते ठीक, पण आपल्याला मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा हिशोब लागतो.

डिझाइन काढा

आपला होल्डर सँडविचसारखा तीन थरांचा आहे. मागे-पुढे २ मिमी पारदर्शक ॲक्रिलिक आणि मध्ये भोकं असलेला थर. नाणी मधल्या थरात बसतात. गोंद कुठेच नाही, फक्त चार कोपऱ्यांत स्क्रू.

मागचा थरही पारदर्शकच का? कारण नाण्याच्या दोन्ही बाजू बघायच्या असतात. सालाखालची छोटी खूण शोधा. पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता.

आता हिशोब करू. पाचही व्यासांची बेरीज १२२ मिमी. मधल्या चार जागा प्रत्येकी १० मिमी, म्हणजे ४०. दोन्ही टोकांना १४-१४, म्हणजे २८. एकूण लांबी १९० मिमी झाली. उंची ६० मिमी ठेवा. डाव्या कडेपासून भोकांचे मध्यबिंदू २४, ५५.५, ८९.५, १२५.५ आणि १६२.५ मिमीवर येतात. स्क्रूची भोकं कोपऱ्यांपासून ६-६ मिमी आत, ३.२ मिमी व्यासाची.

हे ड्रॉइंग कॉम्प्युटरवर इंकस्केपमध्ये फुकट काढता येतं. फक्त मोबाईल असेल तर ब्राउझरमध्ये टिंकरकॅड उघडून बघा. स्क्रीन लहान आहे, जरा चिकाटी लागते. वीसच्या नाण्यासाठी गोल न काढता बारा बाजूंचा बहुकोन काढा, म्हणजे नाणं फिरणार नाही आणि आकडा सरळ राहील. फाइल एसव्हीजी किंवा डीएक्सएफमध्ये सेव्ह करा.

आधी टेस्ट पट्टी कापा

लेझर कापताना थोडं मटेरियल जळून जातं, त्यामुळे भोक ड्रॉइंगपेक्षा किंचित मोठं होतं. थ्रीडी प्रिंटरमध्ये उलटं, भोक किंचित लहान येतं. किती, ते प्रत्येक मशीनचं वेगळं. म्हणून एका छोट्या पट्टीवर १९.९, २०.०, २०.१, २०.२ आणि २०.३ मिमीची पाच भोकं कापून घ्या. रुपया ज्यात जोर न लावता बसतो पण खडखडत नाही, तो फरक बाकीच्या नाण्यांना लावा. प्रिंटरवर करणार असाल तर पट्टी २०.२ पासून २०.६ पर्यंत घ्या.

वर्तकनगरकरांची एक सोय म्हणजे वागळे इस्टेट हाकेच्या अंतरावर आहे. अशा औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंगचं काम करून देणारे मिळतात. मशीन विकत घ्यायची गरज नाही, फाइल व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पण जाताना शीट ॲक्रिलिकचीच आहे याची खात्री करा. पीव्हीसी लेझरखाली कधीच घालायचं नसतं. त्यातून विषारी हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि मशीनही गंजतं.

प्रिंट करणार असाल तर नाण्याला टेकणारा भाग पीईटीजीचा करा. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, म्हणून उन्हातल्या खिडकीत नको.

जोडणी

- कापलेलं ॲक्रिलिक साबणाच्या पाण्याने धुवा आणि दोन-तीन दिवस उघडं ठेवा. ताज्या कापलेल्या शीटचा वास जाऊ द्या.
- स्पिरिट, सॅनिटायझर किंवा ॲसिटोनने पुसू नका. कडांना बारीक तडे जातात.
- मधल्या थराची जाडी सगळ्यात जाड नाण्याएवढी किंवा किंचित जास्त हवी. पातळ नाणं हललं तर त्याच्या मागे आम्लरहित कागदाची चकती ठेवा.
- नाणं कडेने धरा. बोटाचा घाम तांब्यावर कायमचा ठसा सोडतो.
- एम-३ मापाचे १० मिमी लांबीचे नायलॉन किंवा स्टेनलेस स्क्रू लावा. हाताने घट्ट झाले की थांबा.

शिवराईसारखी वेडीवाकडी नाणी असतील तर?

छत्रपती शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई हातोड्याने ठोकून पाडलेली. त्यामुळे कुठल्याही दोन शिवराया एका मापाच्या नसतात आणि रेडिमेड गोल होल्डर इथे निरुपयोगी. खरं तर घरी होल्डर बनवण्याचा सगळ्यात मोठा फायदा अशाच नाण्यांना आहे.

नाणं फ्लॅटबेड स्कॅनरवर पारदर्शक पीईटी शीट ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करा, म्हणजे १ मिमीला साधारण २३.६ पिक्सेल मिळतात. स्कॅनर नसेल तर मोबाईल अर्धा मीटर वर धरून, २ एक्स झूम लावून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. जवळून काढलेल्या फोटोत आकार फुगतो. इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपने बाह्यरेषा काढा, ती ०.३ मिमी बाहेर सरकवा आणि तेच भोक कापा. आधी जाड कागदावर कापून नाणं बसतंय का बघा.

या चुका करू नका

नाणं चमकवायला चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावू नका. वरचा थर निघून जातो आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमतही. अडकवायला नाण्याला भोक पाडू नका. २०११ च्या नाणे कायद्यानुसार चलनी नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे. टांकसाळीतून सीलबंद आलेला प्रूफ सेट असेल तर त्याच्या कॅप्सूलमधून काढूच नका. कॅप्सूलसकट बसेल असं भोक करा.

आणि आपल्याकडचा पावसाळा विसरू नका. होल्डर एका हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, तिथे ओल येते.

आजोबांच्या त्या नाण्यांचं काय झालं? शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवल्यावर चिकट थर निघाला. (नेलपेंट रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. आणि ॲसिटोन पेट घेतं, त्यामुळे खिडकी उघडी आणि गॅस बंद.) पण हिरव्या थराखाली धातू खाल्ला गेला होता, ते खड्डे तसेच राहिले. ती नाणी मी होल्डरमध्ये मागची बाजू पुढे करून लावली नाहीत. खड्डे दिसतात, दिसू देत. तुमच्या घरची पुरचुंडी अजून कपाटात असेल तर आज फक्त एवढंच करा: ती कुठल्या प्लॅस्टिकमध्ये आहे ते बघा.