स्वतःचं पुस्तक स्कॅन केलं तर?

आजोबांच्या कपाटातलं पुस्तक उघडलं की पानाचा कोपरा बोटांतच राहतो. शिवण सुटलेली, कागद तांबूस. मोबाइलवर पानं स्कॅन करून ठेवावीत म्हटलं, तर आतल्या पानावरची ताकीद आडवी येते: परवानगीशिवाय कोणत्याही स्वरूपात नक्कल करू नये. ती वाचून अनेकजण थांबतात. थांबायचं कारण नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, संशोधनासाठी रास्त वापराची मुभा देतं. अशा वापरासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण केली, तर तो भंग नाही, हेही २०१२च्या दुरुस्तीनंतर तिथे लिहिलेलं आहे. कायद्याने दिलेली ही मुभा प्रकाशकाने छापलेल्या ओळीने जात नाही. ‘रास्त’ची व्याख्या मात्र कायद्यात नाही. विकत घेतलेल्या पुस्तकाची स्वतःपुरती प्रत रास्तच ठरावी, असं मला वाटतं. त्यात लेखकाची एकही प्रत खपायची राहत नाही.

खरा घोळ पुढे होतो. ‘पुस्तक माझं, मग पीडीएफ ग्रुपवर टाकली तर काय बिघडलं?’ आपल्या मालकीचा असतो तो कागद. तो वाचायला द्या, विका. पीडीएफ पाठवली की नव्या प्रती तयार होतात, आणि तो हक्क लेखकाचा. ‘मी पैसे घेत नाही’ म्हणूनही सुटका नाही. जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, एवढंच.

बाजारात मिळत नाही म्हणून पुस्तक मोकळं होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत निघालेली पुस्तकं १ जानेवारी २०११पासून सर्वांची झाली. पु. ल. देशपांडे २०००मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांना २०६० संपेपर्यंत थांबावं लागेल. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं यांचा हिशेब वेगळा.

एका ठिकाणी मात्र कायदा मोकळ्या हाताने देतो. दृष्टिहीन मित्राला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून पाठवायला कुणालाही मुभा आहे. फक्त नुसते फोटो पाठवू नका. पानांतली अक्षरं ओळखून मजकूर करून घ्या, चुका तपासा. मगच त्याच्या फोनला ते वाचून दाखवता येईल.