गव्हाची पोळी आणि तपासणीचा कागद

आमच्या घरीं दोन वेळां चौदा माणसांचा स्वयंपाक होतो, आणि पोळ्यांनीं भरलेली दुरडी हेंच घराचें खरें वैभव असें सासूबाई मानीत आल्या आहेत. अशा घरांत थोरल्या दिरांच्या सोळा वर्षांच्या मुलीला 'गहूं तुला सोसत नसावेत' असें डॉक्टरांनीं सांगितलें, तेव्हां ज्याचें त्याचें मत तयार होतें. दीर म्हणाले, हें नवें फॅड आहे. शेजारच्या काकूंच्या मतें गहूं सर्वांनींच सोडावे. सासूबाईंनीं मत न देतां कृति केली. रक्ताची तपासणी सांगितली त्याच दिवसापासून नातीच्या ताटांत पोळीऐवजीं मऊ भात येऊं लागला. परीक्षा आणि घरचें लग्नकार्य ह्यांमुळें रक्त द्यावयास पांच महिने लागले. कागदावर आंकडा मर्यादेच्या आंत आला. सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पोरीच्या ताटांत पोळी परत आली. मायेपोटीं झालेल्या ह्या एका चुकीनें आमचें पुढचें वर्ष वायां गेलें. इतर घरांत तसें होऊं नये, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

प्रथम रोग काय आहे तें पाहूं. भिजवलेल्या कणकेचा गोळा पाण्याखालीं चोळून धुतला कीं पांढरें सत्त्व वाहून जातें व हातांत एक चिवट, रबरासारखा लगदा उरतो. तोच ग्लूटेन. पोळीला लवचिकपणा आणि पावाला फुगारा ह्याच्यामुळेंच येतो. गहूं, सातू म्हणजे जव, आणि राय नांवाचें युरोपीय धान्य ह्यांत तो असतो. कांहीं माणसांत त्याच्यामुळें शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच लहान आंतड्यावर उलटते. आंतड्याच्या आंतल्या अस्तरावर मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नांतील सत्त्व शोषून घेण्याचें काम तिचें. ही लव झडून अस्तर सपाट झालें, कीं खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. ह्या विकारास सीलिॲक म्हणतात. जुलाब व पोटफुगी हीं त्याचीं ओळखीचीं लक्षणें. परंतु कित्येकांत पोट शांत असतें आणि केवळ न हटणारा पंडुरोग, खुंटलेली उंची, तोंडांतील फोड किंवा ठिसूळ हाडें एवढेंच दिसतें. आमच्या पुतणीला लोहाच्या गोळ्या दोन वर्षें चालू होत्या. रक्त कांहीं वाढेना.

सॅम्युएल गी ह्या इंग्रज वैद्यानें १८८८ सालीं ह्या रोगाचें वर्णन करून ठेवलें, व उपाय असलाच तर तो आहारांतच सांपडेल, असें भाकीतहि केलें. पण कोणता आहार, हें कळावयास साठ वर्षें लागलीं. हॉलंडांतील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके ह्यांना गव्हाचा संशय महायुद्धापूर्वींपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत त्या देशांत दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, त्या वेळचा अनुभव ह्या संशयाला पुष्टि देणारा ठरला. १९५० सालीं त्यांनीं आपला प्रबंध प्रसिद्ध केला आणि गव्हाचा दोष सिद्ध झाला.

आपल्याकडे हा रोग मुळींच नाहीं, ही समजूतहि खरी नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत त्याचें प्रमाण उत्तर भारतांत शेंकडा १·२३, ईशान्येस ०·८७ आणि दक्षिणेंत ०·१० आढळलें. वंशगत प्रवृत्तींत फारसा फरक नव्हता. फरक होता तो ताटांतील गव्हाचा. ज्वारी-बाजरीची भाकरी सुटून दोन्ही वेळां पोळीच खाणाऱ्या आपल्या घरांनीं ह्याचा विचार करावयास हवा.

आतां तपासणीचा कागद. पहिली तपासणी रक्तांतील 'टी.टी.जी.' नांवाच्या प्रतिद्रव्याची, तीहि बहुधा आय.जी.ए. ह्या जातीची. पुढें जो आंकडा असतो, तो त्याच प्रयोगशाळेनें शेजारीं छापलेल्या मर्यादेशीं ताडून पाहावा. प्रत्येक ठिकाणचें माप निराळें असल्यामुळें एका शाळेचा वीस आणि दुसरीचा वीस हे सारखे नव्हेत. आंकडा मर्यादेहून किंचित् वर असेल तर तेवढ्यावरून निदान होत नाहीं. उलट तो दहापट किंवा अधिक असेल, आणि दुसऱ्या वेळीं घेतलेल्या रक्तांत 'ई.एम.ए.' हें प्रतिद्रव्यहि सांपडेल, तर मुलांमध्यें दुर्बिणीच्या तपासणीवांचूनहि निदान करावें, असें युरोपांतील बालरोगतज्ज्ञांनीं २०२० सालीं ठरविलें. एरवीं दुर्बीण घालून आंतड्याचे चार-सहा सूक्ष्म तुकडे काढून पाहतात.

दुसरी गोष्ट, ह्याच वेळीं रक्तांतील एकूण आय.जी.ए. मोजावें. सीलिॲकच्या शंभर रोग्यांत दोघां-तिघांच्या रक्तांत तें मुळांतच नसतें, मग टी.टी.जी. चा आंकडा निर्दोष दिसला तरी तो फसवा असतो.

तिसरी गोष्ट, एच.एल.ए. ची म्हणजे वंशगुणांची तपासणी. ती 'आहे' आली म्हणून रोग आहे असें नव्हे, कारण तो गुण निरोगी माणसांतहि सुमारें तिघांत एकाला असतो. ती 'नाहीं' आली, तर मात्र रोग जवळजवळ नाहींच असें समजावें.

आणि चौथी गोष्ट, जी आम्हांला ठाऊक नव्हती: गहूं सोडल्यावर हीं प्रतिद्रव्यें हळूहळू ओसरतात आणि आंतडेंहि भरून येऊं लागतें. म्हणून तपासणीपूर्वीं निदान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक वेळां, गव्हाचें अन्न पोटांत गेलें पाहिजे. पथ्य हें निदानानंतरचें. सासूबाईंच्या मऊ भातानें रोग दडविला, घालविला नाहीं.

सगळ्या तपासण्या निर्दोष येऊनहि गव्हानें ज्यांचें पोट बिघडतें, अशीं माणसेंहि आहेत. त्यांचें दुःख खोटें नव्हे. पण त्याला ठरावीक रक्ततपासणी नाहीं. सीलिॲक व गव्हाची ॲलर्जी हीं दोन्ही वगळल्यावरच त्या निष्कर्षास यावें लागतें. कित्येकदां दोष ग्लूटेनचा नसून गव्हांतील फ्रुक्टान ह्या शर्करेचा असतो, आणि ती कांदा-लसणींतहि आहे. बाजारांत आय.जी.जी. च्या नांवाखालीं पदार्थांची लांबलचक यादी देणाऱ्या ज्या तपासण्या मिळतात, त्यांवरून मात्र कोणाचेंहि अन्न तोडूं नये.

वर्षभरानें पुतणीची पाळी थांबली, तेव्हां आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं पहिला प्रश्न केला, "रक्त दिलें तेव्हां मुलगी पोळी खात होती का?" सासूबाईंनींच मान खालीं घालून "नाहीं" म्हटलें. ह्या वेळीं ती रोज पोळी खातच होती. आंकडा मर्यादेच्या कितीतरी पट निघाला आणि दुर्बिणींतहि अस्तर सपाट दिसलें. जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांत हा रोग अधिक आढळतो, म्हणून भावाची व आईबापांचीहि तपासणी झाली. 'फॅड' हा शब्द दिरांच्या तोंडून पुन्हां ऐकूं आला नाहीं.

ह्या रोगावर औषध एकच, आणि तें जन्मभराचें: ग्लूटेन अजिबात नको. निर्धोक म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नांतहि किलोमागें २० मिलिग्रॅमपलीकडे तो असूं नये, असा दंडक आहे. ह्यावरून सावधगिरी केवढी लागते तें कळेल. खपली गहूंहि गहूंच. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, डबींतील हिंग ह्यांतहि गहूं असूं शकतो. गिरणींत गव्हावर दळलेली ज्वारी निरुपयोगी. आमच्याकडे आतां तिचा तवा, पोळपाट, चाळणी निराळीं आहेत आणि तिचें पीठ घरच्या घंटीवर दळतों. सासूबाई ह्याला 'पोरीचें सोवळें' म्हणतात, आणि आयुष्यभर पाळलेल्या सोवळ्याच्या शिस्तीनें तें पाळतात. आठ महिन्यांत मुलीच्या गालांवर रंग आला.

श्रावणांत सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा रव्याचा. पोरगी हात जोडून दूर बसणार, हें सर्वांनीं धरलेंच होतें. सासूबाईंनीं पोथी काढली. गव्हाच्या पिठाच्या अभावीं तांदळाचें चालेल, असें कथेंतच सांगितलें आहे. दीर म्हणाले, "आई, आपल्या घरांत गव्हाचा अभाव कोठें आहे?" त्या म्हणाल्या, "जें घरच्या लेकराला चालत नाहीं, तें घरांत नाहींच."

सव्वा किलो तांदळाचा रवा तुपावर भाजला गेला, आणि पहिला द्रोण नातीच्या हातांत पडला.