शंभर रुपयांची कपात

गोव्याच्या पेडणे महालातील पार्से गावी शाळेच्या छपराचे एखादे कौल निखळले आणि आषाढाच्या झडीत बाकावर पाणी ठिबकू लागले, तर ते कौल बसविण्याचा पैसा पर्वरीच्या विधानसभेतून यावा लागतो, हे त्या बाकावरच्या मुलाला कोणी सांगत नाही. राज्यघटनेच्या २०२व्या अनुच्छेदान्वये राज्याचा वार्षिक जमाखर्च सभागृहापुढे येतो. २०३व्यान्वये शिक्षणखात्याचा खर्च अनुदानाची मागणी म्हणून मताला पडतो, आणि विनियोजन विधेयक संमत झाल्यावाचून तिजोरीतून छदामही हलत नाही. १९६३ साली मुख्यमंत्री झालेल्या, ह्याच पेडण्यात जन्मलेल्या दयानंद बांदोडकरांच्या राजवटीत खेडोपाडी शाळा निघाल्या, त्याही अशाच मंजुरीच्या बळावर.

मौजेचा भाग कपातसूचनेचा: गाऱ्हाणे मांडू इच्छिणारा आमदार मागणीतून अवघे १०० रुपये कमी करा म्हणतो, त्याने कोणाचेच बिघडत नाही, परंतु त्या निमित्ताने नेमका तो विषय चर्चेला येतो. म्हणून आमदाराला अर्ज द्यावा तो मागण्यांची चर्चा सुरू होण्यापूर्वी, शाळेचे नाव, वर्गखोली आणि गळतीची जागा लिहून. ‘शिक्षणाकडे लक्ष द्यावे’ असला मोघम अर्ज, माझ्या मते, दफ्तरात सुखाने निजतो.