पियानोची हातोडी नेमकी कोठे बसवावी?

पियानोच्या तारा सतारीसारख्या छेडल्या जात नाहीत, त्या ठोकल्या जातात. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी इ. स. १७००च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने ही युक्ती साधली. आजच्या पियानोत ८८ पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीमागे लोकरीचा नमदा चढवलेली एक लाकडी हातोडी असते. वाजवून वाजवून नमद्यावर तारांचे चरे पडले, की हातोड्या बदलाव्या लागतात. सरस लावला, दांडीवर चिकटवली, झाले काम, असे तुम्हांला वाटेल. पण तसे ते मुळीच नाही!

खर्जाची दीड मीटर लांबीची एक तार घ्या. हातोडी तिच्या टोकापासून साधारण एक-अष्टमांश अंतरावर आदळते. तेथे मिलिमीटरभर चूक झाली, तर कुणाच्या कानाला कळणारही नाही. आता अगदी उजवीकडची, शेवटची पट्टी पाहा. तिची तार जेमतेम पाच सेंटिमीटर! हातोडी टोकापासून तीन-चार मिलिमीटरांवरच पडायला हवी. येथे तेवढ्याच चुकीने स्वर मरतो. ऐकू येते ती नुसती टकटक. म्हणून जाणता कारागीर येथे कानावर विसंबतो. हातोडी किंचित मागेपुढे सरकवून वाजवतो आणि स्वर सर्वांत स्वच्छ उमटेल ती जागा धरतो. मग गटाच्या दोन्ही टोकांच्या हातोड्या आधी पक्क्या करून मधल्या सरळपट्टीच्या आधाराने ओळीत लावतो. सरस आळण्याच्या आत हे सारे उरकावे लागते.

जागेला एवढे महत्त्व का? तार संपूर्ण लांबीने कंप पावते, त्याच वेळी दोन, तीन, चार अशा समान भागांतही कंप पावते. त्यातून उपस्वर निघतात. ठोका पडतो तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल, तो उपस्वर उमटतच नाही. हातोडी तारेला टेकते ती सेकंदाच्या काही सहस्रांश भागापुरतीच, पण तेवढ्यात काय घडते हा प्रश्न साधा नाही. कलकत्त्यात काम करणारे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भवनाथ बॅनर्जी यांच्यासह १९२० साली याच आघातावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात. हातोडी जराशी कलली, तर एक तार आधी ठोकली जाते व स्वर खरखरतो. कारागिराची परीक्षा मोठी गमतीची आहे. तो हातोडी वर उचलून तारांना टेकवून धरतो आणि एकेक तार नखाने छेडतो. जी तार वाजेल, तिला हातोडी टेकलेली नाही! मग लाकडी दांडी तापवून अलगद पिळायची, की डोके सरळ होते.

शाळेत सोनोमीटर असेल, तर एक प्रयोग करा. तार बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच मध्यालाच पिसाने हलकेच स्पर्श करा. आवाज जवळजवळ बंद पडेल. आता एक-चतुर्थांश अंतरावर छेडून पुन्हा मध्यालाच स्पर्श करा. या वेळी वरच्या सप्तकातला स्वर मागे गुणगुणत राहील.