सही रे सही... पण रेकॉर्ड वाजवणार कधी?

‘फक्त पाचशे कॉपीज, प्रत्येकीवर बॅण्डच्या सह्या!’ आवडत्या ऑल्टरनेटिव्ह रॉक बॅण्डने अशी घोषणा केली रे केली, की माझा हात आपोआप क्रेडिट कार्डाकडे जातो. तुमचंही तेच होत असेल, नाही का? गंमत म्हणजे तीच गाणी मोबाइलवर असतातच. मग आपण नेमकं विकत काय घेतो? बारा इंची तबकडी की मार्करने मारलेली सही?

बरं, या वेडात आपण एकटे नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा व्हायनल जास्त खपलं. ४ कोटींहून जास्त रेकॉर्ड्स! १९८७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं.

आणि ‘लिमिटेड’ म्हणजे दर वेळी मार्केटिंगचा फंडाच असतो असंही नाही हं. रेकॉर्ड दाबायला धातूचे साचे लागतात. शंभर कॉपी काढा नाहीतर पाचशे, साच्यांचा खर्च तोच. हजारेक रेकॉर्ड्सनंतर साचा झिजतो. त्यामुळे छोट्या बॅण्डला तीनशे-पाचशेचाच आकडा झेपतो.

खरा प्रश्न रेकॉर्ड घरी आल्यावर सुरू होतो. सील फोडायचं की नाही? न फोडलेल्या कॉपीला पुढे चांगला भाव येतो, म्हणून अनेक जण ती कपाटात टाकतात.

इथे मला दोन किस्से आठवतात. डेट्रॉइटचा जॅक व्हाइट बॅण्डमुळे गाजण्याआधी ब्रायन मल्डून यांच्याकडे सोफे-खुर्च्या मढवायचं काम शिकला. मल्डून यांच्या दुकानाला २५ वर्षं झाली तेव्हा, २००४ मध्ये, दोघांनी ‘द अपहोल्स्टरर्स’ या नावाने शंभर रेकॉर्ड्स काढल्या आणि चक्क गिऱ्हाइकांच्या फर्निचरमध्ये शिवून टाकल्या! २०१४ पर्यंत त्यातल्या फक्त दोन सापडल्या. भन्नाट आयडिया, पण ऐकणार कोण?

दुसरा किस्सा सिएटलच्या पर्ल जॅमचा. हा बॅण्ड १९९१ पासून ख्रिसमसला फॅन क्लबच्या मेंबरांना खास रेकॉर्ड पाठवायचा. १९९८ची ‘लास्ट किस’ही अशीच, फक्त मेंबरांसाठी. पण ती रेडिओवर वाजू लागली, लोकांनी डोक्यावर घेतली. १९९९ मध्ये ती सगळ्यांसाठी बाजारात आली आणि बिलबोर्डवर दुसऱ्या नंबरपर्यंत पोचली. तिची कमाई कोसोव्होच्या निर्वासितांसाठी गेली. मेंबरांच्या कपाटातच राहिली असती तर?

म्हणून मी तर म्हणतो, सील बिनधास्त फोडा. सही बहुतेक वेळा कव्हरवर नाहीतर आतल्या कार्डावर असते. सुई लागते ती तबकडीला, सहीला नाही! कव्हर तेवढं उन्हापासून लांब ठेवा, शाई उडते. रेकॉर्ड्स आडव्या न रचता उभ्या ठेवा, वाकणार नाहीत. आणि येत्या शनिवारी दोस्तांना घरी बोलवा, मोबाइल सायलेंटवर टाका. एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते. तेवढा वेळ आहे ना?