अंगठ्याएवढ्या सैनिकाच्या हातातली बंदूक

‘वॉरहॅमर ४०,०००’ हा टेबलावर मांडून खेळायचा युद्धखेळ रिक प्रीस्टली यांनी रचला आणि नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने तो १९८७ मध्ये बाजारात आणला. काळ एक्केचाळिसाव्या सहस्रकाचा, लढाईचा निकाल फाशांवर आणि सैन्य चिमुकल्या पुतळ्यांचे. आजचे प्लास्टिकचे सैनिक खोक्यातून निघतात ते करडे आणि सुट्या भागांत. कापणे, चिकटवणे, रंगवणे हे सगळे खेळाडूने करायचे. कित्येकांचा जीव लढाईपेक्षा या रंगकामातच जास्त रमतो. आणि हात किती तयार झाला आहे ते चिलखतावर कळत नाही; ते कळते बंदुकीवर, तलवारीच्या पात्यावर, शिरस्त्राणातल्या डोळ्यांवर.

अडचण उजेडाची आहे. खऱ्या माणसाच्या काखेत, पट्ट्याखाली सावली आपोआप पडते. चारेक सेंटिमीटरच्या पुतळ्यावरच्या खाचा इतक्या उथळ असतात की त्यांत सावली ठरतच नाही. म्हणून उजेड आणि सावली दोन्ही रंगानेच काढावी लागतात.

या खेळातल्या ‘स्पेस मरीन’ सैनिकाची ‘बोल्टगन’ ही बंदूक घ्या. तिचे कवच बहुधा काळे. त्याच्या कडांवर करड्या रंगाची बारीक रेघ ओढायची आणि अगदी कोपऱ्यांवर आणखी फिकट ठिपका ठेवायचा. इथे ब्रशचे टोक टेकवण्यापेक्षा केसांची कूस कडेवरून फिरवली, तर रेघ सरळ येते. धातूच्या भागांना आधी चंदेरी रंग, त्यावर ‘नल्न ऑइल’. नावात तेल असले तरी हा पाण्यात कालवलेला पातळ काळा रंग आहे. तो उंचवट्यांवरून ओघळून खाचांत साचतो आणि प्रत्येक खिळा वेगळा दिसू लागतो. नल्न हे याच कंपनीच्या दुसऱ्या एका काल्पनिक जगातले, तोफांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. चंदेरी रंगाचा ब्रश धुवायला मात्र वेगळे पाणी घ्यावे, नाहीतर त्यातले चमकदार कण पुढच्या प्रत्येक रंगात उतरतात.

बंदुकीच्या नळीला हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने भोक पाडले, तर दोन मिनिटांत शस्त्र खरे वाटू लागते. हे काम रंग लावण्याआधीच उरकावे.

‘प्लाझ्मा गन’ नेहमीचा नियम उलटा करते. तिच्या वेटोळ्यांच्या आतच उजेड असल्याने खाचा पांढुरक्या आणि उंचवटे गडद निळे ठेवावे लागतात. ‘पॉवर स्वोर्ड’च्या पात्याला मधल्या शिरेने दोन भाग पडतात. एका भागात छटा मुठीकडून टोकाकडे उजळत जाते, तर दुसऱ्यात टोकाकडून मुठीकडे. गडदाला फिकट भिडले की पाते धारदार दिसते.

सगळ्यात सुंदर काम डोळ्यांचे. मिलिमीटरभराची लाल काच वरच्या कोपऱ्यात गडद, खालच्या कोपऱ्यात नारिंगी, आणि गडद भागात एकच पांढरा ठिपका. खरा मणीही असाच दिसतो: उजेड एका बाजूने आत शिरतो आणि समोरच्या बाजूला उमटतो.

यासाठी नवशिके दुकानातला सर्वांत बारीक ब्रश उचलतात. पण त्याच्या चार केसांवरचा रंग पुतळ्यापर्यंत पोहोचेपर्यंत वाळतो. त्यापेक्षा कोलिन्स्की केसांचा, टोक शाबूत असलेला १ नंबरचा ब्रश केव्हाही बरा.

गेम्स वर्कशॉपच्या ‘गोल्डन डेमन’ स्पर्धेत सर्वोत्तम ठरणाऱ्याला बक्षीस म्हणून खरी तलवार मिळते. तिथे अनेकजण चंदेरी रंगाला हातही न लावता, फक्त करड्या-पांढऱ्या छटांतून पोलाद उभे करतात. ती कला थक्क करणारी आहे. पण खेळण्यासाठी सैन्य रंगवणाऱ्याने तिच्यामागे लागू नये. स्वच्छ चंदेरी आणि नीट बसलेली काळी छटा टेबलावर जास्त उठून दिसते.

खेळताना पुतळे सतत हाताळले जातात, म्हणून शेवटी मॅट वार्निश मारतात. त्याने डोळ्यांची चकाकीही जाते. मॅटचा थर वाळला की प्रत्येक काचेवर ग्लॉस वार्निशचा एक थेंब ठेवायचा.