तबकडी बदलते, तेव्हां गिऱ्हाइकाचें काय होतें?

आमच्या घरीं एका पत्र्याच्या ट्रंकेंत एक काळी व्हिडिओ कॅसेट आहे. १९८७ सालीं माझें लग्न झालें, त्या दिवसाचें चित्रण तींत आहे. लग्नाचा व्हिडिओ काढणें ही त्या काळीं आमच्या कोंकणांत नवी हौस होती. डोळे दिपविणारा दिवा घेऊन एक मनुष्य पंगतींतून हिंडत असे आणि त्याच्या तारेंत पाय अडकूं नये म्हणून वाढपी जपून चालत. माझे वडील पानांवर बसलेल्या मंडळींस "सावकाश होऊं द्या" म्हणत फिरत आहेत, तो प्रसंग त्या फितीवर उतरला आहे. वडील १९९४ सालीं वारले. त्यांचा आवाज अन्य कोठेंही जतन झालेला नाहीं.

२०१६ सालीं आमचें कॅसेट लावण्याचें यंत्र फीत ओढीनासें झालें. तें घेऊन मी ज्या दुकानांतून १९९० सालीं विकत आणलें होतें तेथें गेलों. जुने मालक राहिले नव्हते; गल्ल्यावर त्यांचे चिरंजीव होते. त्यांनीं यंत्राकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें आणि मोठ्या आदबीनें म्हणाले, "गुरुजी, हें आतां येत नाहीं. भंगारांत घाला." याच गल्ल्यावरून त्यांच्या वडिलांनीं मला सांगितलें होतें, "गुरुजी, नातवंडांना दाखवाल!" दोघांपैकीं कोणीच खोटें बोलला नव्हता. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत जपानच्या फुनाई कंपनीनें या जातीचीं यंत्रें करणें थांबविलें, आणि हीं यंत्रें करणारी ती जगांतील शेवटची कंपनी होती.

घरीं परत येतांना माझ्या मनांत एकच प्रश्न घोळत होता : अशा वस्तूचे पैसे मोजतांना आपण नेमकें विकत घेतों तरी काय? पुस्तक घेतलें तर तें वाचावयास डोळे आणि उजेड एवढें पुरतें. चित्रफितीचें तसें नाहीं. कारखानदारानें यंत्र करीत राहिलें पाहिजे, चित्रपटवाल्यांनीं त्या जातीच्या कॅसेटी काढीत राहिलें पाहिजे, कोणीतरी दुरुस्तीचे सुटे भाग ठेवले पाहिजेत. तरच आपल्या हातांतील वस्तु ही वस्तु. यांपैकीं कोणाशींही आपली ओळख नसते. ओळख असते ती दुकानदाराशीं. म्हणून पद्धति बंद पडली कीं आपण जातों त्याच्या दारांत. तेथें काय अनुभव येतो, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आधीं एक शंका दूर करूं. एका जातीची कॅसेट दुसऱ्या जातीच्या यंत्रांत कां चालूं नये? चित्रफीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी. तीवर चुंबकीय भुकटीचा पातळ थर असतो. चित्राची माहिती आवाजाच्या कितीतरी पट अधिक असल्यामुळें ती सरळ रेषेंत नोंदवावयाची तर फीत वाऱ्याच्या वेगानें पळवावी लागेल. म्हणून युक्ति अशी काढली कीं, फीत संथ चालवावयाची आणि ती ज्याला वेढा घालून जाते तो किंचित् तिरका ढोल भरधाव फिरवावयाचा. आपल्याकडील यंत्रांत हा ढोल मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि दर फेऱ्याला फितीवर दोन तिरक्या रेघा ओढतो. १९७५ सालीं सोनी कंपनीनें 'बीटामॅक्स' आणि १९७६ सालीं जेव्हीसी कंपनीनें 'व्हीएचएस' आणलें, तेव्हां फितीची रुंदी तीच, तिरक्या ढोलाची युक्तिही तीच. परंतु डबीचा आकार, फितीचा वेढा आणि तिचा वेग हीं सर्व निराळीं होतीं. एका मुलानें मोडींत लिहावें आणि दुसऱ्यानें बाळबोधींत, तसा हा प्रकार.

बीटामॅक्सचें चित्र किंचित् सरस, असें जाणते लोक म्हणत. पण तिच्या पहिल्या कॅसेटीवर एक तासाचेंच चित्रण मावे आणि व्हीएचएसवर दोन तासांचें. सोनीनें ही उणीव लौकरच भरून काढली. तोंवर पुष्कळ कंपन्या दुसऱ्या गोटांत गेल्या होत्या. १९८४ च्या जानेवारींत सोनीनें जपानच्या वृत्तपत्रांत ओळीनें चार दिवस मोठाल्या जाहिराती दिल्या. बीटामॅक्स नाहींशी होणार काय, ती घेतल्यास नुकसान होईल काय, अशा अर्थाचे प्रश्न मथळ्यांत घालून शेवटच्या दिवशीं दिलासा द्यावयाचा, असा बेत होता. वाचणारांनीं मथळा वाचला, आणि ज्यांच्या मनांत शंका नव्हती त्यांच्याही मनांत ती आली! वर्गांत "कोणी घाबरूं नका" म्हटलें कीं काय होतें, हें मी तीस वर्षें पाहिलें आहे. १९८८ सालीं सोनी स्वतःच व्हीएचएस यंत्रें करूं लागली. तथापि एक गोष्ट त्या कंपनीच्या पदरांत घातली पाहिजे. हरल्यानंतरही तिनें बीटामॅक्स यंत्रें २००२ पर्यंत आणि कोऱ्या कॅसेटी २०१६ च्या मार्चपर्यंत पुरविल्या. ज्यांनीं विश्वास टाकला त्यांस तिनें एका रात्रींत उघड्यावर सोडलें नाहीं.

आतां जें उदाहरण सांगावयाचें आहे, त्यांत दुकानदारच नवी पद्धति काढणारा झाला होता. अमेरिकेंत व्हर्जिनिया संस्थानांतील रिचमंड शहरीं १९४९ सालीं एक दुकान निघालें. तें वाढत वाढत 'सर्किट सिटी' या नांवानें देशभर पसरलें. १९९७ सालीं तेथें डीव्हीडी नुकतीच विक्रीस आली होती. त्याच वर्षीं या दुकानानें लॉस एंजेलिसच्या एका वकिली कंपनीशीं भागी करून 'डिव्हिक्स' नांवाची आपली स्वतःची पद्धति जाहीर केली आणि १९९८ सालीं ती बाजारांत मांडली.

योजना मोठी चतुर होती. तबकडी सुमारें साडेचार डॉलरांस मिळे. ती एकदां लावली कीं तेथपासून अठ्ठेचाळीस तास वाटेल तितक्यांदा पाहावी. नंतर तिला कुलूप. पुन्हां पाहावयाची तर पुन्हां पैसे. यंत्राला टेलिफोनची तार जोडावी लागे, आणि ठराविक काळानें तें आपण होऊन मध्यवर्ती कचेरीस हिशेब कळवी. साध्या यंत्राहून हें यंत्र सुमारें शंभर डॉलरांनीं महाग होतें. त्यावर साधी डीव्हीडी चाले. मात्र ही तबकडी साध्या यंत्रावर चालत नसे. दुसरी बाजूही सांगतों. तबकडी भाड्यानें आणली म्हणजे ती परत करावयास जावें लागतें आणि मुदत टळली कीं दंड पडतो. येथें परत करणें नाहीं, दंड नाहीं. पाहून झालें कीं तबकडी टाकून द्यावी. कित्येकांस ही सोय खरोखरीच आवडली.

पुष्कळांस मात्र ती रुचली नाहीं. तबकडी माझ्या कपाटांत आहे, तिचे पैसे मीं दिले आहेत, आणि ती पाहावयास परवानगी दुसऱ्याची! शिवाय कोणत्या घरांत केव्हां काय पाहिलें गेलें याची नोंद परक्या कचेरींत राहावी, ही कल्पनाच लोकांस सहन होईना. त्यांत आणखी एक पेंच होता. गिऱ्हाईक दुकानांत येऊन विचारतें, "मी कोणतें यंत्र घेऊं?" या प्रश्नाचें सरळ उत्तर देण्यास विक्रेता तटस्थ असावा लागतो. ज्याच्या मालकाचें द्रव्य एका पद्धतींत गुंतलें आहे, त्याचा सल्ला हा सल्ला राहत नाहीं. इतर दुकानदारांचीही अडचण उघड होती : प्रतिस्पर्ध्याचा माल आपल्या फळीवर मांडून त्याची तिजोरी कोण भरणार?

१६ जून १९९९ रोजीं सर्किट सिटीनें ही पद्धति बंद करीत असल्याचें जाहीर केलें. नुकसान झालें तें अकरा कोटी चाळीस लाख डॉलरांचें. ज्यांनीं त्या तारखेपूर्वीं यंत्र घेतलें होतें त्यांस शंभर डॉलर परत देण्यांत आले, म्हणजे जवळजवळ तितकेच, जितके त्यांनीं साध्या यंत्राहून अधिक मोजले होते. हिशेबाची मध्यवर्ती कचेरी मात्र ७ जुलै २००१ पर्यंतच चालली. त्या दिवसानंतर जगांतील एकही डिव्हिक्स तबकडी लागली नाहीं. यंत्र शाबूत, तबकडीवर ओरखडा नाहीं, चित्र जेथल्या तेथें. केवळ पलीकडून "होय" म्हणणारें कोणी उरलें नाहीं. बीटामॅक्सवाल्याची फीत आजही चालत्या यंत्रांत घातली तर चित्र दिसतें. हा भेद फार मोठा आहे. तरी मी म्हणेन कीं, येथें गिऱ्हाइकास निदान कोणाची बाही धरावयाची हें ठाऊक होतें. पद्धति काढणारा आणि विकणारा एकच होता, म्हणून शंभर डॉलर तरी हातीं आले.

ती सोय २००८ सालीं नव्हती. डीव्हीडीहून स्पष्ट चित्र देणाऱ्या दोन तबकड्या २००६ मध्यें बाजारांत उतरल्या : तोशिबाची 'एचडी डीव्हीडी' आणि सोनी व तिच्या मित्रमंडळाची 'ब्लू-रे'. दोहोंचा व्यास बारा सेंटिमीटर, दोन्ही वाचावयास जांभळट किरण एकाच जातीचा. परंतु एकींत माहितीचा थर ०.६ मिलिमीटर खोल आणि दुसरींत ०.१ मिलिमीटर. तेवढ्या अंतरानें लाखों घरांत दोन तट पडले.

माझा भाचा न्यू जर्सींत असतो. त्यानें २००७ च्या नोव्हेंबरांत तोशिबाचें यंत्र घेतलें. तेव्हां तिकडे वॉलमार्टनें एका दिवसापुरतें तें शंभर डॉलरांच्या आंत विकावयास काढलें होतें, आणि इतर दुकानांनींही किंमती उतरविल्या होत्या. दीड वर्षापूर्वीं या कंपनीचें पहिलें यंत्र पांचशें डॉलरांस मिळत असे. भाच्यानें मोठ्या आनंदानें फोन करून कळविलें. मी म्हणालों, "अरे, भाव इतका कां पडला?" तो म्हणाला, "मामा, तुम्हांला सगळ्यांतच संशय!" ४ जानेवारी २००८ रोजीं वॉर्नर ब्रदर्सनें आपण यापुढें ब्लू-रेच काढूं असें जाहीर केलें. फेब्रुवारींत वॉलमार्टनेंही तोच मार्ग धरला, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबानें शस्त्र खालीं ठेवलें.

नंतर दुकानें कशीं वागलीं हें पाहण्यासारखें आहे. कायद्यानें कोणाचेंच देणें लागत नव्हतें, कारण माल सदोष नव्हता. 'बेस्ट बाय' या दुकानानें २३ फेब्रुवारीपूर्वीं आपल्याकडून हें यंत्र घेतलेल्या प्रत्येकास पन्नास डॉलरांचें खरेदीपत्र दिलें; यंत्रही परत मागितलें नाहीं. सर्किट सिटीनें नव्वद दिवसांच्या आंत घेतलेलें यंत्र परत घेऊन तितक्या किंमतीचा दुसरा माल देऊं केला. पुढच्या वर्षीं वॉर्नरनें आपल्या जुन्या तबकड्या सुमारें पांच डॉलर आणि टपालखर्च घेऊन ब्लू-रेंत बदलून दिल्या. कोणी म्हणेल, यांत उदारता कसली, गिऱ्हाईक टिकविण्याची ही रीत आहे. असेल, रीत चांगली आहे. भाच्यानें जेथून यंत्र घेतलें तेथें मात्र त्याला पावतीच्या मागची बारीक अक्षरें वाचावयास सांगण्यांत आलें. यंत्रावर साधी डीव्हीडी चालते म्हणून तें अजून त्याच्या घरांत आहे. आणि सर्किट सिटीचीं उरलींसुरलीं दुकानें २००९ च्या मार्चमध्यें बंद झालीं. पद्धतीप्रमाणें दुकानालाही मुदत असते, हें त्याच्या गिऱ्हाइकांनीं पाहिलें.

आपल्याकडे हीं भांडणें फारशीं पोंचलीं नाहींत. आपल्याकडे राज्य होतें तें व्हीएचएसचें आणि मागाहून व्हीसीडीचें. एका व्हीसीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटें मावत, म्हणून हिंदी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांवर येई. ऐन मारामारींत उठून तबकडी बदलण्याचें काम घरांतल्या धाकट्याकडे असे. हिचें मरण मात्र सुखाचें झालें. डीव्हीडीचीं बहुतेक यंत्रें व्हीसीडीही वाचीत, त्यामुळें कोणाच्या कपाटांतील माल एका दिवसांत मातीमोल झाला नाहीं. नवें यंत्र घेतांना "जुनें यावर चालेल काय?" हा प्रश्न विचारून उत्तर पावतीवर लिहून मागावें, असें मी ओळखीच्यांना सांगत असें. दुकानदार हसत, लिहून मात्र देत.

आतां तबकडीच नको अशी वेळ आली आहे. बेस्ट बायनें २०२४ पासून चित्रपटांच्या तबकड्या ठेवणें सोडलें. तार जोडून चित्रपट 'विकत' मिळतो. पण तो डिव्हिक्सच्याच कुळांतला, कारण चावी पलीकडे. अमेरिकेंत चित्रपटकंपन्यांनीं २०११ सालीं 'अल्ट्राव्हायोलेट' नांवाचें असें एक सामायिक कपाट काढलें होतें. तें ३१ जुलै २०१९ रोजीं बंद झालें. ज्यांनीं आपलें खातें वेळींच दुसऱ्या विक्रेत्याशीं जोडलें त्यांचे चित्रपट बहुतांशीं वांचले. ज्यांनीं सूचना वाचली नाहीं ते गोंधळांत पडले.

आमच्या कॅसेटीचें सांगावयाचें राहिलें. गांवांत लग्नांचे व्हिडिओ काढणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्याजवळ एक चालतें यंत्र निघालें. त्यानें कॅसेट उघडून दाखविली, तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी. आमच्या पावसाळ्यानें एकोणतीस वर्षांत आपलें काम केलें होतें. अशी फीत तशीच यंत्रांत घालूं नये. बुरशी ढोलाला लागते आणि मग पुढची प्रत्येक कॅसेट खराब होते. त्यानें ती हातानें उलगडून कोरड्या मऊ फडक्यानें पुसली; त्याचे दोन दिवस गेले. ज्यांच्या घरीं अशा कॅसेटी असतील त्यांनीं त्या कोरड्या जागीं पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्या आणि लौकर उतरवून घ्याव्या, कारण चालतीं यंत्रें वर्षागणिक कमी होत आहेत. सीमांतपूजनाचीं वीस मिनिटें आमचीं गेलीं. पंगत राहिली आहे. वडील तिसऱ्या रांगेशीं वांकून बोलतात तें स्पष्ट ऐकूं येतें.

पैसे तो घेईना. एवढेंच विचारलें, "गुरुजी, डीव्हीडीवर देऊं कीं पेनड्राइव्हवर?" मी दोन्हींवर मागून घेतलें, आणि कॅसेट ट्रंकेंत परत ठेवली.